जस्ताच्या मातींतलें फूल

शोध लागणें आणि त्या शोधाचें मर्म उमगणें ह्या दोन गोष्टी एकाच वेळीं घडतात, असा आपला सामान्य समज असतो. विज्ञानाचा इतिहास त्याला क्वचितच दुजोरा देतो. विषारी धातूंनीं बिघडलेली जमीन वनस्पतींच्या द्वारें शुद्ध करावी, ह्या कल्पनेची हकीकत ह्या दृष्टीनें मोठी बोधप्रद आहे.

जर्मनी व बेल्जम ह्यांच्या सीमेवर, आखेन शहराच्या आसपास, जस्ताच्या जुन्या खाणी आहेत. तेथील ज्या मातींत इतर वनस्पति तग धरूं शकत नाहींत, तींत मोहरीच्या कुळांतली थ्लास्पी नांवाची एक लहानशी वनस्पति जोमानें वाढते. भूमीवर काय उगवतें ह्यावरून खालीं धातूची शीर असल्याचें ताडावें, हें खाणीवाल्यांना फार पूर्वींपासून ठाऊक होतें. अग्रिकोलाच्या १५५६ सालीं प्रसिद्ध झालेल्या खाणविद्येवरील ग्रंथांत तसें सांगितलेलें आहे. पुढें १५८३ सालीं इटलींतील चेसाल्पिनो ह्या वनस्पतिशास्त्रज्ञानें टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यांत काळ्या खडकांवर उगवणाऱ्या एका वनस्पतीची नोंद करून ठेविली.

रसायनशास्त्राची ह्या नोंदींशीं गांठ पडावयास तीन शतकें लागलीं. थ्लास्पीच्या वाळलेल्या पानांत शेंकडा एक भाग जस्त असतें, असें १८८५ सालीं बाउमान ह्यानें दाखविलें. आणि चेसाल्पिनोच्या वनस्पतीच्या पानांत दर हजारीं सुमारें आठ भाग निकल असल्याचें १९४८ सालीं मिंगुत्सी व व्हेर्न्यानो ह्यांना आढळलें. तरीही हा निसर्गाचा एक चमत्कार, ह्यापलीकडे कोणाचें लक्ष गेलें नाहीं. १९७६ सालीं अशा वनस्पतींना ‘अतिसंचयी’ ह्या अर्थाची संज्ञा मिळाली. आणि त्यांचें पीक घेऊन, तें कापून नेऊन जमिनींतील धातु कमी करावा, ही सूचना अमेरिकन मृत्तिकाशास्त्रज्ञ रूफस चेनी ह्यानें १९८३ सालीं केली. वनस्पति तीच होती. बदलला तो माणसाचा प्रश्न. धातु कोठें सांपडेल, असें पूर्वीं तो विचारीत असे. आतां धातूपासून सुटका कशी होईल, असें त्याला विचारावें लागलें.

ह्या सूचनेंत तथ्य किती, तें साध्या हिशेबानें पाहूं. एक हेक्टर जमिनीचा वरचा वीस सेंटिमीटरांचा थर सुमारें २६०० टन भरतो. त्यांत दर टनामागें १०० ग्रॅम जस्त जादा असेल, तर २६० किलो जस्त काढावें लागेल. शेंकडा एक भाग जस्त धरणाऱ्या वनस्पतीचें पांच टन वाळलें पीक आलें, तर एका कापणींत ५० किलो जस्त निघेल. म्हणजे पांचसहा पिकांत काम होईल. सामान्य पिकांत ह्याच्या शंभरावा भाग जस्त धरला, तर पांचशेंहून अधिक पिकें लागतील. परंतु थ्लास्पी ही वीतभर उंचीची, सावकाश वाढणारी वनस्पति आहे. पांच टनांचें पीक तिच्याकडून मिळविणें हीच खरी अडचण होय.

२००१ सालीं फ्लॉरिडांतील लीना मा व त्यांच्या सहकाऱ्यांनीं सोमल शोषणारा एक नेचा प्रसिद्धीस आणिला. लांकूड टिकविण्याच्या औषधांनीं दूषित झालेल्या जागेवर तो उगवला होता. हाच नेचा आपल्या देशांतही जुन्या भिंतींच्या फटींतून उगवतो, पण आपण त्याकडे ढुंकूनही पाहत नाहीं.

तथापि अतिशयोक्तीपासून सावध राहिलें पाहिजे. वनस्पति धातूचा नाश करीत नाहीं. ती त्याला मातींतून उचलून पानांत ठेविते, इतकेंच. तें पीक गुरांच्या तोंडीं लागतां कामा नये. जाळलें तर राखेची व धुराचीही व्यवस्था लागते. मुळें पोहोंचतील तेथवरच उपाय चालतो, आणि शिसें तर मातीला असें चिकटून बसतें कीं, मुळांना तें सहसा मिळतच नाहीं. म्हणून वनस्पति पुढें निस्तरतील ह्या भरवंशावर आज जमीन नासविणें शहाणपणाचें नव्हे. थ्लास्पीचें पीक वर्षाच्या हिशेबानें येतें. कारखान्याचें सांडपाणी मात्र रोज वाहतें. तें आधीं थांबविलें, तरच ह्या लहानशा वनस्पतीच्या श्रमाला अर्थ राहील.