काकाजी, मशीन कोणती घेऊ?

मागच्या रविवारी गावातल्या एका पोराचा फोन आला. जामला कंपनीत कामाला आहे. "काकाजी, नोकरी सोडतो म्हणतो. तुमच्यासारखा लाकडाचा धंदा करतो. झाड कापायची मशीन कोणती घेऊ?"

फोनवर सांगणं जमलं नाही, म्हणून इथं लिहितो. समुद्रपूर तालुक्यातल्या आणखी चार पोरांच्या कामी येईल.

मीही २००८ मध्ये हिंगणघाटच्या एका गिरणीतली नोकरी सोडली. पगार तुटपुंजा, पण ७ तारखेला यायचा. शेतकऱ्यांच्या धुऱ्यावरची झाडं घ्यायची, तोडायची, विकायची, एवढाच विचार होता. पहिला सौदा सागाच्या १४ झाडांचा. पाडायला दोन दिवस लागले, पैसे हाती यायला नऊ महिने. मधला सगळा वेळ कागदांचा.

हा कागद आला कुठून, ते मला फार उशिरा कळलं.

आपला वर्धा जिल्हा आधी मध्यप्रांतात. काही जंगल सरकारी, काही मालगुजारांचं. मालगुजार मनात आलं तर ठेकेदाराला तोड देई, अन् रयतेला घरापुरतं लाकूड-जळतण 'निस्तार' म्हणून मिळे. ३१ मार्च १९५१ ला मालगुजारी गेली आणि ती जंगलं सरकारजमा झाली. तिकडं मुंबई इलाख्यात बाळासाहेब खेरांच्या सरकारनं १९४७ पासूनच ठेकेदाराऐवजी मजुरांच्या जंगल कामगार सहकारी संस्थांना कूप द्यायला सुरुवात केली होती. पुढं १९७४ मध्ये नागपूरला वनविकास महामंडळ आलं. म्हणजे सरकारी जंगलात एकट्यादुकट्या लाकूडवाल्याला जागाच उरली नाही. उरला तो शेतकऱ्याचा धुरा.

आता गंमत बघा. १९६६ ची जमीन महसूल संहिता म्हणते, शेतातलं झाड खातेदाराचं. पण त्याच्या दोन वर्षं आधीचा वृक्षतोड कायदा म्हणतो, साग, मोह, चिंच, आंबा, जांभूळ, खैर अशी झाडं वृक्ष अधिकाऱ्याला विचारल्याशिवाय तोडायची नाहीत. मग सातबारा, मोजणी, झाडांची गणती, परवानगी, तोडीनंतर नगावर हातोडा, आणि शेवटी वाहतूक पास. पास नसेल तर स्वतःच्या शेतातला साग नेणारा रस्त्यावर चोर ठरतो.

आरामशीनचं तर बोलूच नका. गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं मार्च १९९७ मध्ये महाराष्ट्रातल्या विनापरवाना आरामशीन ताबडतोब बंद करायला लावल्या. २००२ नंतर नवी टाकायची तर न्यायालयाच्या समितीची परवानगी लागायला लागली. अमेरिकेत लहान लाकूडवाले गाडीमागं आरा लावून शेतातच फळ्या पाडतात. आपल्याकडं दुसऱ्याच्या मशीनवर रांग लावावी लागते.

हे सगळे कायदे वाईट आहेत असं मी म्हणत नाही. आदिवासी खातेदारांना ठेकेदार इतकं लुबाडत होते, की १९६९ मध्ये त्यांच्या झाडांच्या विक्रीसाठी वेगळा कायदा करावा लागला. पण अडचण तिथंच आहे. बाकीचा शेतकरी या कागदांना भितो, अन् उभं झाड मला उक्तं देऊन टाकतो. "तुम्हीच पाहा बाप्पा, आमच्यानं नाही होत." माझ्या नफ्याचा मोठा वाटा त्याच्या या भीतीतून आलेला आहे. आऱ्याचा, घामाचा त्यात वाटा कमीच. हे लिहिताना बरं वाटत नाही, पण खरं आहे.

पास कोणाच्या हातात, यानं काय फरक पडतो ते गडचिरोलीच्या मेंढा (लेखा) गावानं दाखवलं. बांबू त्यांच्या सामूहिक वनहक्काच्या जंगलातला, पण वाहतूक पास वनखात्याचा. २७ एप्रिल २०११ ला जयराम रमेश यांनी पासचं पुस्तकच देवाजी तोफांच्या, म्हणजे ग्रामसभेच्या हाती दिलं. त्यानंतर बांबू ग्रामसभेनं स्वतः विकला. आणि २०१७ मध्ये जंगलाबाहेरचा बांबू कायद्यानं 'झाड' राहिला नाही. धुऱ्यावरचा साग मात्र आहे तिथंच आहे.

पोरगा बुधवारी येतो म्हणाला. मशीनचं नंतर बोलू. त्याच्या बापाच्या धुऱ्यावर सहा साग आहेत. आधी सातबारा काढू आणि अर्ज बापाच्याच नावानं टाकू. मी फक्त सोबत जाईन, सौदा करणार नाही.