कान्हेरीचे भुयार आणि कान्हेरीचे पाणी

सुटीत 'बेटावर जायचे' असे घरात ठरले, तेव्हा मुलांच्या डोळ्यांपुढे होडी होती. आम्ही त्यांना वसई रोडला लोकलमध्ये बसवले. नायगाव सुटले, पाणजू बेटाजवळून जाणारे खाडीवरचे पूल ओलांडून गाडी भाईंदरला आली आणि आम्ही जाहीर केले, "आलो बेटावर." कोणाचाच विश्वास बसेना. पण नकाशा उघडून पाहा. उत्तरेला वसईची खाडी, पूर्वेला उल्हास नदी आणि ठाण्याची खाडी, पश्चिमेला समुद्र. हे साष्टी बेट. भराव आणि पूल इतके झाले, की त्याचे बेटपण आपण विसरून गेलो आहोत.

बोरिवलीला उतरून राष्ट्रीय उद्यानातून कान्हेरीला पोहोचलो. डोंगरात शंभराहून अधिक लेणी. एका अंधाऱ्या टाक्यात डोकावत बरोबरच्या मावशी म्हणाल्या, "इथून आत शिरलं की वसईच्या किल्ल्यात निघतं म्हणे." मुले लगेच टॉर्च शोधू लागली.

मावशींची गोष्ट जुनीच आहे, फक्त भुयाराचे दुसरे टोक बदलत गेले. १५५९ साली भारतात आलेला पोर्तुगीज इतिहासकार दियोगु दो कोतु याने ती नोंदवली आहे. त्याच्या काळी हे भुयार थेट खंबायतला जाते असे लोक सांगत. अंतोनियो दो पोर्तु नावाच्या फ्रान्सिस्कन धर्मगुरूने त्याचा शेवट शोधायचे ठरवले. वसई १५३४ मध्ये पोर्तुगीजांच्या हाती गेल्यानंतरची ही हकिगत. माणसे, शिधापाणी, दिव्यांसाठी तेल आणि दोर घेऊन ते आत शिरले, सात दिवस फिरले आणि शेवट न सापडताच परतले, असे कोतु लिहितो. तो स्वतः त्यांच्याबरोबर नव्हता.

खंबायत इथून सरळ रेषेत सुमारे साडेतीनशे किलोमीटर आहे. वाटेत वसईची खाडी, वैतरणा, तापी, नर्मदा. एवढे भुयार माणसाने खणले असते, तर निघालेल्या दगडाचा डोंगर कुठे आहे? आणि ते निसर्गाने केले असेल म्हणावे, तर खडक आड येतो.

अंदमानातल्या बाराटांग बेटावर किंवा मेघालयात ज्या नैसर्गिक गुहा आहेत, त्या चुनखडीत आहेत. पावसाच्या पाण्यात हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड विरघळतो, ते किंचित आम्ल होते आणि फटीफटीतून झिरपत हजारो वर्षे चुनखडी विरघळवत राहते. आपला खडक ज्वालामुखीतून आलेला. तो असा विरघळत नाही. हे वर्गात दाखवता येते. समुद्रकाठची शिंपली आणि बांधकामावरची खडी वेगवेगळ्या पेल्यांत ठेवून वर व्हिनेगर ओता. शिंपलीवर बुडबुडे येतील, खडी तशीच राहील. (खडीला पांढरी शीर असेल आणि तिथे बुडबुडे दिसले, तर प्रयोग फसला असे समजू नका. ते कॅल्साइट असते.) म्हणूनच मराठीत गुहा आणि लेणे हे दोन वेगळे शब्द आहेत. लेणे छिन्नीने कोरावे लागते.

मग ते धर्मगुरू सात दिवस कुठे फिरले? आमच्या मते, डोंगराच्या अनेक उतारांवर पसरलेल्या लेण्यांतून आणि टाक्यांतून. सांगोवांगीत त्याचे एकच अखंड भुयार झाले असावे. कान्हेरीत जमिनीखाली खरोखर जे आहे, ते पाणी.

लेण्यांच्या दारापाशी आणि वरच्या कातळावर चर खोदलेले दिसतात. पावसाचे पाणी त्यांतून टाक्यांत उतरते. या भागात वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, म्हणजे अवघ्या दहा चौरस मीटर कातळावर वीस हजार लिटर पाणी. हाच हिशेब मुलांना शाळेच्या गच्चीसाठी करायला द्या. जो खडक आपण होऊन पोखरला जात नाही, तोच कोरलेल्या टाक्यात पाणी धरून ठेवतो. प्राकृत शिलालेखांत टाक्याला 'पोढी' म्हटले आहे. कल्याणच्या एका सोनाराने असे टाके दान दिल्याचा लेख इथे आहे. दात्यांमध्ये सोपाऱ्याचे लोकही आहेत. सोपारा म्हणजे आपले नालासोपारा, जिथे १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजींना अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. म्हणजे खाडी ओलांडून या बेटावर येणारे आम्ही काही पहिले नव्हे.

नव्वद क्रमांकाच्या लेण्यात तर खास पाहुण्यांच्या खुणा आहेत. पहलवी लिपीत कोरलेले हे लेख इथे येऊन गेलेल्या पारशी लोकांचे आहेत. पहिल्यावर यज्दगर्दी सन ३७८ आहे. हा सन इ.स. ६३२ मध्ये सुरू झाला, तेव्हा वर्ष निघते १००९. आणखी एक भेट १०२१ मधली. तारीख, आलेल्यांची नावे, कोण कोणाचा मुलगा. भाऊभाऊ आहेत, बाप-लेक आहेत. भुयाराबद्दल एक अक्षर नाही. आम्हाला कोतुच्या सात दिवसांपेक्षा या चार ओळी अधिक मोलाच्या वाटतात, कारण त्या पडताळता येतात.

धाकट्याने विचारले, "त्यांनी भिंतीवर नाव कोरलं ते चालतं, मग आम्ही का नाही?" हजार वर्षांपूर्वी वही नव्हती, हे आमचे उत्तर त्याला पटले नाही. आम्हालाही ते फारसे पटले नव्हते. शेवटी त्याने वहीत तारीख आणि आम्हा सर्वांची नावे लिहिली आणि खाली मावशींचे भुयारही काढले, वसईच्या किल्ल्यापर्यंत.