१४. पीटरबरोची प्रत

१४. पीटरबरो : पूर्व इंग्लंडमधील बेनेडिक्टाइन मठ. राजा आल्फ्रेडच्या काळी, नवव्या शतकाच्या अखेरीस सुरू झालेल्या ‘अँग्लो-सॅक्सन क्रॉनिकल’ या सालवार बखरीची ही प्रत. १११६च्या आगीत मठ जळाल्यावर ११२१च्या सुमारास दुसरीकडची प्रत मिळवून भिक्षूंनी ती उतरवली आणि ११५४पर्यंत पुढे चालवली. जुन्या नोंदी बऱ्याचदा ओळ-दोन ओळींच्या : अमुक राजा वारला, तमुक बिशप झाला. ११३७ची नोंद मात्र मुळातूनच वाचावी. राजा स्टीफनच्या अमदानीत सरदारांनी गढ्यांत माणसे कोंडली, पैशासाठी अंगठ्यांना बांधून टांगली, धुराने गुदमरवली. लिहिणारा इथे सालाची चौकट मोडून सलग एकोणीस वर्षांचे हाल सांगतो. विद्वानांच्या बखरी तेव्हा लॅटिनमध्ये होत. ही नोंद बोलीजवळच्या इंग्रजीत आहे.