शेकोटीवरचा इटालियन खिमा

गेली दहा-अकरा वर्षं आमच्या घरी एक नेम आहे. जुलैतला एक शनिवार-रविवार गाठायचा, गाडीत तंबू, कंदील, घड्या घालायच्या खुर्च्या आणि बर्फाची पेटी कोंबायची आणि मध्य पेन्सिल्व्हेनियातल्या एका स्टेट पार्कात मुक्कामाला जायचं. पहिल्या रात्रीचं जेवणही ठरलेलं. इटालियन पद्धतीच्या खिम्याचं सँडविच.

कृती सोपी आहे. कांदा आणि भरपूर लसूण ऑलिव्ह तेलात परतायचा. त्यावर खिमा (इथल्या लोकांच्या कृतीत गाय आणि डुक्कर, आमच्याकडे टर्की), मग टोमॅटोचा एक डबा, ओरेगानो, लाल मिरचीचा भरडा आणि थोडी कुटलेली बडीशेप. बडीशेप विसरायची नाही! अमेरिकेत ‘इटालियन सॉसेज’ म्हणून जे मिळतं, त्याची ती ओळखीची चव या बडीशेपेचीच असते. रस आटून खिमा घट्ट झाला की गार करून पिशवीत चपटा भरायचा आणि फ्रीझरमध्ये टाकायचा. दुसऱ्या दिवशी पेटीत तोच निम्मं बर्फाचं काम करतो. मुक्कामी पोचल्यावर पातेल्यात खळखळून गरम करायचा. नुसता कोमट करून भागत नाही, खिमा या बाबतीत फार दगाबाज. मग लांबट पाव मधून चिरायचा, आतला थोडा गर काढून खळगा करायचा म्हणजे सारण सांडत नाही. खिमा भरायचा, वर चीज, आणि फॉइलमध्ये गुंडाळून दहा मिनिटं निखाऱ्यांच्या कडेला. मध्ये एकदा उलटायचा. पावाचं खालचं अंग जरा करपतं, तेच सगळ्यांना हवं असतं.

आता मूळ मुद्दा. लेक चौथीत असताना शाळेत ‘आपापल्या संस्कृतीतला एक पदार्थ’ न्यायचा दिवस होता. ती म्हणाली, “मी कॅम्पिंगचं सँडविच नेते.” आम्ही दोघं हसलो. “अगं, ते आपलं नाही, ते इटालियन.” हिने पहाटे उठून बटाटेवडे तळले, लेकीने मुकाट्याने नेले, तिथे वाहवा झाली. विषय संपला असं आम्हाला वाटलं.

यंदा तिचं कॉलेजला जाण्याआधीचं शेवटचं कॅम्पिंग. शेकोटीपाशी बसून फॉइलच्या पुरचुंड्या उलटता उलटता ती सहज म्हणाली, “बाबा, मागच्या वर्षी आम्ही शाळेच्या बँडबरोबर रोमला गेलो होतो ना, तिथे हे कुठेच दिसलं नाही. मी विचारलंसुद्धा. म्हणजे हे त्यांचं नाही. तुम्ही म्हणालात आपलंही नाही. मग कोणाचं?”

मला उत्तर देता आलं नाही. नऊ वर्षं ती गोष्ट तिच्या मनात होती, हे त्याहून जास्त लागलं. घरी आल्यावर पुस्तकं काढून बसलो. जे हाती लागलं ते इथे मांडतोय.

इटलीत खिम्याचे गोळे आहेत. त्यांना ‘पोल्पेत्ते’ म्हणतात. पण पेल्लेग्रीनो आर्तुझी नावाच्या गृहस्थांनी १८९१ साली जे पाकपुस्तक काढलं (इटलीच्या घराघरांत पोचलेलं पुस्तक आहे ते), त्यात पोल्पेत्ते उरलेल्या उकडलेल्या मांसाचे आहेत. कालचं शिल्लक मांस बारीक करून आज पुन्हा पानात आणायची युक्ती. आपल्याकडे शिळ्या पोळीचा कुस्करा करतात, त्यातलाच प्रकार. आणि हे सुद्धा ज्यांच्या घरी मांस शिल्लक राहत असे त्यांचं. दक्षिणेतल्या शेतमजुरांच्या ताटात रोज पाव, कडधान्य, पालेभाज्या. मांस सणावारी दिसलं तर दिसलं.

याच दक्षिणेतून, म्हणजे नेपल्सच्या आसपासचा मुलूख, कलाब्रिया, सिसिली इथून, १८८० ते १९२४ या काळात माणसं अमेरिकेला लोटली. चाळीस लाखांहून जास्त इटालियन या चार-साडेचार दशकांत आले. १९२४ च्या कायद्याने कोटा बसवून दार जवळजवळ लावून घेतलं. आलेले लोक खणायला, रूळ टाकायला, विटा वाहायला, कपडे शिवायला लागले. मजुरी बेताची, चाळीतल्या खोल्या कोंदट. पण एक गोष्ट त्यांना चक्रावून टाकणारी होती, ती म्हणजे मांसाचा भाव. शिकागोचे कत्तलखाने आणि बर्फाचे रेल्वे डबे यांनी अमेरिकेत मांस मजुराच्या आवाक्यात आणलं होतं. गावी जे सणाला मिळायचं ते इथे दर रविवारी परवडू लागलं.

मग बायकांनी काय केलं असेल? जे आपण केलं असतं तेच. गोळ्यातला शिळा पाव कमी झाला, मांस वाढलं, गोळा मोठा झाला. डब्यातला टोमॅटो बारा महिने मिळत होता, त्यामुळे सॉस सढळ झाला. इटलीत पास्ता वेगळा आणि मांस वेगळं वाढायची रीत, इथे दोन्ही एका ताटात आले. एकाच चाळीत नेपल्सची बाई वर आणि सिसिलीची खाली, त्यामुळे दोघींच्या रीती मिसळल्या. गावी असताना ही माणसं स्वतःला इटालियन म्हणवतही नसत, कोणी अमुक गावचा, कोणी तमुक. इटली एक देश झाला तोच मुळी १८६१ साली. ‘इटालियन जेवण’ नावाची एकसंध चीज या लोकांना अमेरिकेत आल्यावर मिळाली.

आणि हे जेवण पावात शिरलं. कामावर न्यायला ताट-वाटी कुठली? लांब पावात सॉस आणि गोळे भरले की डबा तयार. हेच सँडविच पुढे न्यूयॉर्कला ‘हीरो’, फिलाडेल्फियाला ‘होगी’ आणि न्यू इंग्लंडात ‘ग्राइंडर’ झालं.

इथल्या समाजसेविकांना मात्र हे जेवण बिलकुल पसंत नव्हतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शहाण्यासुरत्या आहारतज्ज्ञांचं मत असं, की पदार्थ एकमेकांत कालवले की पचायला जड जातात. मांस वेगळं, बटाटा वेगळा, भाजी वेगळी, असं सभ्य ताट हवं. लसूण तर नकोच. इटालियन बायांना घरी जाऊन हे शिकवलं जाई. डब्यातल्या भाजीच्या वासावरून वर्गात नाक मुरडलं गेल्याचा अनुभव आपल्यातल्या कित्येकांच्या पोरांना आहे, त्यांना हे नव्याने सांगायला नको.

गोळ्याचा मोकळा खिमा कसा झाला ही त्यापुढची गोष्ट, आणि ती इटालियन नाहीच. ती मिडवेस्टातली. आयोवा राज्यातल्या मस्कटीन गावी १९२६ साली ‘मेड-राइट’ नावाचं दुकान निघालं. त्यांनी मोकळा शिजवलेला खिमा पावात भरून विकायला सुरुवात केली. त्याच पट्ट्यात टोमॅटो घातलेला ओलसर खिमा ‘स्लॉपी जो’ नावाने पसरला. हा जो कोण यावर तीन-चार गावांचं भांडण आहे, त्यात आपण पडायला नको. १९६९ मध्ये ‘मॅनविच’ नावाचा तयार सॉस डब्यात आला आणि खिमा परतून त्यात डबा ओतला की जेवण, इतकं ते सोपं झालं. त्यात लसूण, ओरेगानो, बडीशेप आणि चीज घाला, झालं ‘इटालियन’!

आता डब्यावरून एका माणसाची गोष्ट सांगायलाच हवी. पार्काकडे जाताना सस्क्वेहाना नदीच्या काठी मिल्टन नावाचं छोटं गाव लागतं. दर वर्षी आम्ही त्या बाजूने जातो आणि मला हे ठाऊक नव्हतं. एत्तोरे बोयार्दी हा पिआचेन्झा गावी १८९७ साली जन्मलेला आचारी. अमेरिकेत येऊन मोठ्या हॉटेलांत काम केलं, मग क्लीव्हलंडला स्वतःचं रेस्तराँ काढलं. गिऱ्हाइकं सॉस घरी न्यायला मागायची म्हणून तो दुधाच्या बाटल्यांत भरून देऊ लागला. त्यातून कारखाना निघाला आणि १९३८ मध्ये तो मिल्टनला आला. अमेरिकन जिभेला ‘बोयार्दी’ जमेना म्हणून डब्यावर नाव तोडून छापलं, ‘बॉय-आर-डी’. (ऑफिसात आपापल्या नावाचे दोन अक्षरी तुकडे करून दिलेल्या मंडळींनी इथे क्षणभर थांबावं.)

दुसऱ्या महायुद्धात हा कारखाना रात्रंदिवस सैन्यासाठी डबे भरत होता. आयोवातली, कॅन्सासमधली शेतकऱ्यांची पोरं खंदकात हे इटालियन जेवण जेवली. आणि त्याच वेळी अमेरिकेत राहणाऱ्या, नागरिकत्व न घेतलेल्या सुमारे सहा लाख इटालियनांवर ‘शत्रुराष्ट्राचे परदेशी’ असा शिक्का होता. ओळखपत्र जवळ ठेवायचं, घरातला शॉर्टवेव्ह रेडिओ जमा करायचा, परवानगीशिवाय प्रवास नाही. ज्यांची मुलं अमेरिकन गणवेशात लढत होती अशी आईबापंही त्यांत होती. ऑक्टोबर १९४२ मध्ये तो शिक्का उठवला गेला. जेवण आपलंसं झालं होतं, ते रांधणारे अजून व्हायचे होते. हे वाचून मी पुस्तक मिटून जरा वेळ बाहेर जाऊन आलो.

युद्ध संपलं. अ‍ॅल्युमिनियमची फॉइल १९४७ पासून घरगुती वापराच्या गुंडाळीत मिळू लागली. गाड्या वाढल्या, सुट्ट्या वाढल्या, स्काउटच्या पोरांनी फॉइलमध्ये मांस-भाजी गुंडाळून निखाऱ्यात भाजायचा सपाटा लावला. नेपल्सच्या बाईचा सॉस, आयोवाचा मोकळा खिमा, कारखान्याचा डबा आणि ही चंदेरी फॉइल असं सगळं एका शेकोटीपाशी जमलं, ते असं.

इथे थांबणार होतो, पण टोमॅटोच्या सॉसने आणखी मागे नेलं. तो तरी अस्सल इटालियन असेल ना? टोमॅटो मुळात अमेरिका खंडातला, स्पॅनिश लोकांनी युरोपात नेलेला. इटालियन पुस्तकात टोमॅटोच्या सॉसची पहिली ज्ञात कृती सापडते ती अंतोनिओ लातिनी या नेपल्समधल्या कारभाऱ्याच्या ग्रंथात, १६९० च्या दशकात. तेव्हा नेपल्सवर स्पेनचं राज्य होतं. लातिनी सांगतो, पिकलेले टोमॅटो निखाऱ्यांवर भाजा, सालं काढा, बारीक चिरा, कांदा, मिरची, रानातला ओवा, मीठ, तेल आणि व्हिनेगर घाला. आणि या कृतीला त्याने नाव दिलंय, टोमॅटोचा सॉस, ‘स्पॅनिश पद्धतीचा’!

मी खो खो हसलो. म्हणजे अमेरिकेत आम्ही ज्याला ‘इटालियन पद्धतीचं’ म्हणतो, त्याला इटलीत लिहिणारा पहिला माणूस ‘स्पॅनिश पद्धतीचं’ म्हणून मोकळा झाला होता. आणि स्पॅनिशांनी ते मेक्सिकोवाल्यांकडून उचललं.

मग चौथीतले बटाटेवडे आठवले. बटाटा आणि मिरची दोन्ही अमेरिका खंडातून आलेली. पोर्तुगीजांच्या वाटेने आपल्याकडे पोचली, ‘बटाटा’ हा शब्दही त्यांचाच, आणि वड्याबरोबरचा पावसुद्धा. खिमा हा शब्द फारसीतून आलेला. मुंबईच्या इराणी हॉटेलात बसून खिमा-पाव चापताना हे कोणाचं असा प्रश्न मला कधी पडला नव्हता. माझाच होता तो. विद्यार्थी असताना महिन्याच्या एक तारखेला मिळणारी चैन होती ती. इथे आल्यावर पहिल्यांदा जेव्हा हे सँडविच केलं, तेव्हा खरं तर मी तोच खिमा-पाव शोधत होतो. लेकीला हे कधी सांगितलं नाही. सांगायला हवं होतं.

पदार्थ कोणाचा याचं उत्तर पुस्तकात जन्मदाखला शोधून मिळत नाही, एवढं आता कळलंय. चौथीतल्या पोरीचा हिशोब सरळ होता. दर वर्षी बाबा करतो, आम्ही सगळे मिळून खातो, म्हणजे आमचं. आम्ही तिला त्या दिवशी नकाशा दाखवला, आणि तो नकाशाही चुकीचा होता.

हे सगळं तिला गेल्या रविवारी सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं. लातिनीवर हसली, त्या सहा लाखांवर गप्प झाली. मग म्हणाली, “कृती लिहून द्या. होस्टेलात स्वयंपाकघर आहे.”

काल रात्री लिहायला बसलो. बडीशेप किती, खिमा किती वेळ आटवायचा, पावाचा गर काढायला विसरू नकोस, सगळं लिहिलं. वर नाव काय घालावं यावर मात्र अडलो. ‘इटालियन’ लिहिलं, खोडलं. ‘खिमा-पाव’ लिहिलं, तेही खोडलं. शेवटी तिनेच चौथीत दिलेलं नाव लिहिलं, ‘कॅम्पिंगचं सँडविच’, आणि कागद तिच्या बॅगेत ठेवला.