नाणेघाटचा लेख आणि निमगिरीचा मुलगा

दिवाळीच्या सुट्टीत पुण्याकडची मंडळी जुन्नरला जातात. शिवनेरीवर शिवरायांच्या जन्मस्थानी डोके टेकतात आणि हौस व पाय दोन्ही शिल्लक असतील तर पुढे नाणेघाटही गाठतात. घाटाच्या तोंडाशी तो प्रसिद्ध दगडी रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकीत, असे परंपरा सांगते. रांजणात डोकावून, खाली पसरलेले कोकण डोळे भरून पाहून मंडळी माघारी वळतात. जवळच्या लेण्याच्या भिंतीपाशी मात्र फार थोडे थांबतात.

त्या भिंतींवर ब्राह्मी लिपीत एक मोठा लेख कोरलेला आहे. सातवाहन राणी नागनिका हिचा तो लेख. कोणते यज्ञ केले, दक्षिणा म्हणून किती गाई, किती घोडे, किती कार्षापण दिले, याचा त्यात हिशेब आहे. भारतातील अंकचिन्हांच्या अतिशय जुन्या नमुन्यांत या लेखातील आकड्यांची गणना होते. ह्या डोंगराळ मुलखाची पहिली आकडेवारी दगडावर लिहिली गेली, असे म्हटले तरी चालेल!

गंमत अशी की, अर्वाचीन काळात हा लेख विद्वानांच्या नजरेस आणला तोही आकडेवारीच्याच एका अधिकाऱ्याने. विल्यम साइक्स हा कंपनी सरकारच्या लष्करातला अंमलदार. पेशवाई बुडाल्यावर नवा मुलूख समजून घेण्यासाठी मुंबई सरकारने १८२४ साली त्याला दख्खनची माहिती गोळा करण्याच्या कामी नेमले. जमिनी, पिके, माणसे, पशुपक्षी, पाऊसपाणी, सारे टिपीत तो हिंडला आणि १८२८ साली नाणेघाटात पोचला. पुढे विलायतेत १८३४ साली स्थापन झालेल्या संख्याशास्त्राच्या सोसायटीच्या संस्थापकांत तो होता, आणि कालांतराने तिचा अध्यक्षही झाला. परंतु नाणेघाटच्या भिंतीपुढे हा आकड्यांचा पंडित निरक्षरच होता. ब्राह्मी लिपीचा उलगडा जेम्स प्रिन्सेपने केला तो १८३७च्या सुमारास, आणि नाणेघाटच्या अंकांवर पंडित भगवानलाल इंद्रजी यांचा निबंध आला तो १८७०च्या दशकात.

जुन्नरच्या लेण्यांतील लेखांवरचा साइक्सचा निबंध १८३७ साली लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला. भगवानलालजींचा मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात. विद्वानांनी ते वाचले, त्यांवर वाद केले. घाटमाथ्यावर गुरे राखणाऱ्या कोळ्याच्या कानावर त्यातले अक्षरही गेले नसेल. त्याच्या दारचा दगड काय बोलतो, हे त्याच्याखेरीज इतरांना कळले.

दगडाची जी कथा, तीच माणसांची. जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांच्या पश्चिम पट्ट्यात महादेव कोळी समाजाची वस्ती जुनी आहे. डोंगरउतारावर भात, नागली, वरई पिकवावी आणि रानातला हिरडा गोळा करून विकावा, असा त्यांचा संसार. ह्या समाजावर पहिला विस्तृत निबंध लिहिला तो कॅप्टन मॅकिंटॉश याने, १८३०च्या दशकात. त्यांची कुळे, दैवते, चालीरीती यांची माहिती त्यात आहे, आणि ती आजही अभ्यासकांना उपयोगी पडते. पण हा कॅप्टन तेथे गेला होता कशासाठी? कोळ्यांचा उठाव मोडण्यासाठी! ज्याला पकडायचे त्याची सोयरीक कोठे, हे ठाऊक असणे बरे. पहिली प्रश्नावली बंदुकीच्या सावलीत भरली गेली, हे विसरून चालणार नाही.

पुढे बंदूक गेली आणि विद्यापीठ आले. मुंबई विद्यापीठात १९१९ साली समाजशास्त्राचा विभाग निघाला. पॅट्रिक गेडीस त्याचे पहिले प्रमुख. १९२४पासून ती धुरा डॉ. गो. स. घुर्ये यांनी सांभाळली आणि विद्यार्थ्यांच्या पिढ्या घडविल्या. आदिवासी म्हणजे मागास राहिलेले हिंदूच, असे घुर्ये यांचे मत. त्यांना बाहेरच्या जगापासून जपावे, असा व्हेरिअर एल्विन यांचा आग्रह. घुर्ये यांचे त्यावरील पुस्तक १९४३ साली पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेने प्रसिद्ध केले. महादेव कोळ्यांवरचा त्यांचा स्वतंत्र ग्रंथ १९५७ साली आला. वाद मोठा, दोन्हीकडची माणसे मोठी. पण ज्यांच्याविषयी तो चालला होता त्यांच्यापैकी त्या वादात बोलायला कोणी नव्हते. मुलीच्या लग्नाची बोलणी चालावीत आणि मुलीला माजघरातच ठेवावे, तशातली ही गत!

मुलगी माजघरातून बाहेर आली ती एका मुलाच्या रूपाने. जुन्नर तालुक्यातील निमगिरी हे हडसर-नाणेघाटच्या टापूतले किल्ल्याखालचे गाव. तेथल्या महादेव कोळी कुटुंबात १९३९ साली जन्मलेले गोविंद गारे शिकून संशोधक झाले. पुण्यात १९६२ साली स्थापन झालेल्या आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेचे ते पुढे संचालक झाले. सह्याद्रीतील महादेव कोळ्यांवर त्यांनी मराठीत ग्रंथ लिहिला. पुणे शहरात पोटासाठी आलेल्या आपल्या समाजबांधवांचे काय झाले, याचाही अभ्यास केला. हा दुसरा विषय मला फार बोलका वाटतो. तोवरचे संशोधक शहरातून डोंगरावर जात. ह्या डोंगरच्या मुलाने शहराकडेच बोट दाखवून विचारले, ‘तुमच्याकडे आल्यावर आमच्या माणसांचे काय होते?’ प्रश्न विचारणारा बदलला की प्रश्नही बदलतो.

आज विद्यापीठांतील सामाजिक शास्त्रांच्या विभागांत विद्यार्थी आपापले निबंध वाचतात. वीस मिनिटे वाचन, मग प्रश्नोत्तरे, मग चहा. जुन्नर-घोडेगावकडची मुलेमुलीही आता त्यांत उभी राहतात. आवाज थोडा कापतो, घसा कोरडा पडतो. प्राध्यापक विचारतात, किती घरांची पाहणी केलीत, प्रश्नावली कशी बेतलीत? प्रश्न रास्तच आहेत. पण ज्यांच्या ओसरीवर बसून ही माहिती मिळाली, त्यांना निबंध वाचून दाखवलात का, हा प्रश्न मात्र क्वचितच निघतो.

हा केवळ शिष्टाचाराचा मुद्दा नव्हे. २००६ साली वनहक्कांचा कायदा झाला. पिढ्यान् पिढ्या रानात राबणाऱ्यांचा हक्क मान्य व्हावा, हा त्याचा हेतू. दावा ग्रामसभेपुढे करावयाचा, आणि पुरावा म्हणून काय चालते ते २००८च्या नियमांत सांगितले आहे. त्यात सरकारी गॅझेटियर आहे, नामांकित संस्थांनी केलेले संशोधन आहे, आणि गावातल्या वडीलधाऱ्या माणसांचे लिहून घेतलेले निवेदनही आहे. म्हणजे पाहा, मुंबई-लंडनच्या कपाटांत गेलेली माहिती आणि आजीच्या तोंडची आठवण आज एकाच फायलीत शेजारीशेजारी बसू शकतात!

आणि आजीची आठवण तर लवकर टिपायला हवी. ज्या आंबेगावावरून तालुक्याला नाव मिळाले, ते जुने गाव घोड नदीवरील डिंभे धरणाच्या पाण्यात गेले. त्याची आळी, त्याचे देऊळ, बाजाराची वाट कोणाला विचारायची? ज्यांनी ती पाहिली, त्यांनाच. ती माणसे गेली की तो दस्तऐवज पुन्हा मिळणार नाही.

नागनिकेने आपला हिशेब दगडावर कोरून वाटेवरच ठेवला. काळाच्या ओघात लिपी विसरली गेली, एवढाच दोष. आमचे निबंध त्या मुलखाच्या वाटेवर ठेवलेलेच नसतात, आणि त्यांची भाषाही बहुधा तेथल्या माणसाची नसते. म्हणून प्रत्येक निबंध दोनदा वाचला जावा: एकदा विद्यापीठाच्या दालनात गुणांसाठी, आणि एकदा गावच्या पारावर, मराठीत, चुका दाखवून घेण्यासाठी. दुसरी परीक्षा अधिक कठीण. तेथे परीक्षकाला उत्तर आधीच ठाऊक असते.