माळरानापाशी अडलेलं खातं

महाराष्ट्रात वन्यजीव राखणारी सरकारी यंत्रणा प्राण्यांच्या गरजेतून जन्मली नाही. लाकूड आणि शिकार ही तिची दोन घराणी. 1864 साली उभं राहिलेलं वनखातं सागवान राखायचं आणि महसूल मिळवायचं. 1912 च्या कायद्याने ठरावीक पशुपक्ष्यांच्या शिकारीला काही महिने मनाई करता येऊ लागली. मुंबई राज्याचा 1951 चा कायदा पुष्कळ पुढे गेला, पण परवाना राहिलाच. वन्यजीव हा तेव्हा राज्यांचा विषय असल्याने 1972 चा केंद्रीय कायदा काही विधिमंडळांनी ठराव केल्यावरच संसदेला करता आला, आणि हौशी शिकारीचा परवाना त्यातूनही गेला तो थेट 1991 च्या दुरुस्तीने.

या कायद्याने प्रत्येक राज्याला मुख्य वन्यजीव रक्षक दिला; ते पद वनखात्यातच बसवलं गेलं. दुसरं करणार तरी काय, असं कोणी विचारेल, आणि ते रास्त आहे. वनरक्षक, चौक्या, जंगलवाटा आणखी कोणाकडे होत्या? ताडोबा 1955 पासून राष्ट्रीय उद्यान झालं, मेळघाट व्याघ्रप्रकल्पाच्या पहिल्या नऊ क्षेत्रांत आलं, ते याच बळावर. पण हे बळ सरकारी मालकीच्या जंगलातलं आहे. 1979 मध्ये सोलापूर-नगर भागात माळढोकासाठी तब्बल 8,496 चौरस किलोमीटरचं अभयारण्य जाहीर झालं, तेव्हा त्या रेषेआड शेतं, गावं, बाजारपेठा सगळंच आलं. हद्द आखून मनाई करायची, हे एकच हत्यार खात्याला ठाऊक. ते दुसऱ्याच्या जमिनीवर चालेना. लोकांचा रोष मात्र पक्ष्याच्या वाट्याला आला, आणि क्षेत्र पुढे सुमारे 1,222 चौरस किलोमीटरवर आणावं लागलं.

माळढोक कालव्यांमुळे, उसामुळे गेला, खात्याचा काय दोष, हा आक्षेप मला अर्धाच पटतो. कालवा कुठून न्यायचा, माळ कोणी नांगरायचा, हे निर्णय पाटबंधारे, कृषी आणि महसूल खात्यांचे. रक्षणाची जबाबदारी मात्र ज्याला त्यांत शब्द नाही त्याच्यावर. 2012 मध्ये स्थापन झालेला कांदळवन कक्ष याच्या उलट सांगतो असं वाटेल: नव्या अधिवासाला नवं कार्यालय मिळालं, कामही झालं. पण तिथेही पुष्कळसा भाग सरकारी जमिनीचा होता आणि तो राखीव वन म्हणून जाहीर करता आला. चराऊ, खासगी माळाला ही वाट उपलब्ध नाही. तिथे राखण करायची तर धनगराशी आणि शेतकऱ्याशी करार करण्याचा, नुकसानभरपाई जागेवर देण्याचा आणि कालव्याच्या आराखड्यावर हरकत घेण्याचा अधिकार असलेलं कार्यालय लागेल.