वोल्फ-राये तेजोमेघांची कुळकथा

वोल्फ-राये तेजोमेघ म्हणजे आयुष्याच्या अखेरीस पोचलेल्या महाकाय ताऱ्याच्या वाऱ्याने घडवलेले वायूचे तेजस्वी कवच. हे कवच आणि त्यातला तारा यांची ओळख मात्र वेगवेगळ्या वाटांनी झाली. हंस तारकासमूहातला चंद्रकोर तेजोमेघ, म्हणजे एनजीसी ६८८८, विल्यम हर्शेल यांनी १७९२ मध्येच नोंदवला होता. १८६७ मध्ये पॅरिस वेधशाळेत शार्ल वोल्फ आणि झॉर्झ राये यांना त्याच तारकासमूहात तीन विलक्षण तारे सापडले. बहुतेक ताऱ्यांच्या वर्णपटात काळ्या रेषा असतात. यांच्या वर्णपटात रुंद, झळाळते पट्टे होते. त्यांतले कित्येक पट्टे हेलियमचे असल्याचे पुढे कळले; १८६७ मध्ये हेलियमच कोणाला ठाऊक नव्हता. पट्टे इतके रुंद का, याचे उत्तर १९२९ मध्ये सी. एस. बील्स यांनी दिले: ताऱ्यातून वायू प्रचंड वेगाने चहूकडे बाहेर पडत आहे.

तारा आणि मेघ यांचे नाते १९६५ मध्ये ह्यू जॉन्सन आणि डेव्हिड हॉग यांनी नीट मांडले. ताऱ्याने उधळलेल्या द्रव्यामुळेच ही कवचे बनतात, असे त्यांचे म्हणणे होते.

चंद्रकोरीत ही घडण उत्तम दिसते. तिच्यातला तारा आधी तांबडा महाराक्षसी होता आणि बाहेरचे थर संथपणे सोडत होता. पुढे हेलियमने समृद्ध असा तप्त अंतर्भाग उघडा पडला आणि सेकंदाला हजाराहून अधिक किलोमीटर वेगाचा वारा सुटला. केरसुणीने अंगणातला पाचोळा लोटत न्यावा, तसा हा वारा आधीचा वायू पुढे रेटत नेतो. दाबलेल्या वायूचे तंतू आणि गाठी होतात, ताऱ्याचे अतिनील किरण त्यांना उजळवतात. छायाचित्रांत हायड्रोजनचे लाल तंतू आत आणि ऑक्सिजनची निळसर-हिरवी पातळ झालर बाहेर दिसते. या वायूत नायट्रोजन नेहमीपेक्षा जास्त आढळतो. तो हायड्रोजन जळताना ताऱ्याच्या पोटातच तयार होतो, म्हणून या कवचातला बराच माल ताऱ्याचाच असल्याचा हा सर्वांत पक्का पुरावा म्हणावा लागेल. बृहल्लुब्धकातल्या एनजीसी २३५९ मध्ये मात्र मुख्यतः आसपासचा आंतरतारकीय वायूच लोटला गेला आहे.

अशी ठळक कवचे थोड्याच वोल्फ-राये ताऱ्यांभोवती दिसतात, कारण ती खगोलीय मानाने लवकरच विरळ होतात. शर तारकासमूहातल्या डब्ल्यूआर १२४ या ताऱ्याभोवतीचे कवच अजून ताजे आहे; २०२२ मध्ये जेम्स वेब दुर्बिणीने त्यातली धूळही टिपली.